जुन्या नंबरावरची डबी

पहिल्यांदा खटकलं ते इतकंच, की समोरून सूर आला नाही.

गुरुवारची सकाळ होती. शालूबाई ऑफिसचा केर काढून उदबत्ती लावत होत्या आणि रिंग वाजली. मी दचकले. मी प्रत्येक रिंगला दचकते, त्यात नवीन काही नाही. दचकले, फोन उचलला आणि किंचाळायला लागले. घाबरू नका, माझं किंचाळणं म्हणजेच माझं हॅलो. समोर माझ्यासारखीच कुणी असली की तीही किंचाळून उत्तर देते, आमचे सूर जुळतात, ओळख पटते, मग दोघी गप्प होऊन कामाला लागतो. त्या सकाळी मात्र उत्तर आलंच नाही. तारेत काहीतरी होतं, नव्हतं असं नाही. लांबचा गलका, मध्येच कसलीशी खरखर. पण ओळखीचा सूर नाही. मी ठरलेला वेळ किंचाळले, वाट पाहिली आणि फोन ठेवून दिला.

माझे दिवे पूर्वीसारखे शांत झाले. मी झाले नाही.

मी मोडेम. संगणकाला टेलिफोनच्या तारेवर बोलता यावं म्हणून मध्ये बसवलेली. इथं तासगावात ते नाव कुणाच्या तोंडात बसलं नाही. सगळे मला डबी म्हणतात, तेव्हा डबी बोलतेय असंच समजा. आज मी बेदाण्याच्या शीतगृहात, ऑफिसातल्या पत्र्याच्या कपाटात पडून आहे, बिघडलेला माउस आणि पंख्याचं एक पातं यांच्या सोबतीला. माझीच वायर माझ्या अंगाभोवती गुंडाळलेली. कपाटाचं दार करकरलं तरी अजून धस्स होतं. पण सांगतेय ती गोष्ट नव्याण्णव सालची. तेव्हा मी टेबलावर होते, संगणकाच्या उजव्या हाताला, आणि माझ्यावाचून त्या ऑफिसचं चालत नव्हतं.

माझा जन्म लांबच्या कुठल्याशा देशातल्या कारखान्यात झाला. एका बाईच्या बारीक बोटांनी माझे टाके जुळवले. दुसरीनं मला तारेला जोडून पाहिलं, मी किंचाळले, तिनं मान डोलावली आणि मला खोक्यात घातलं. पुढचं सगळं अंधारात झालं. जहाज, मग पुण्यातलं दुकान, मग एसटीच्या मागच्या बाकावर अनीशच्या मांडीवरून केलेला प्रवास. त्याच्या मांडीवर आम्ही दोघी होतो. एक सांगलीला उतरली, मार्केट यार्डातल्या आमच्याच गाळ्यावर. मी पुढं तासगावला आले.

अनीश म्हणजे शीतगृहाच्या मालकांचा, भाऊसोंचा भाचा. पुण्याला संगणक शिकून आलेला. भाऊसोंना संगणकाचं काही कळत नव्हतं, पण भाच्याचं कौतुक होतं. कुठल्या खोलीत कुणाचा किती बेदाणा ठेवलाय ते संगणकात भरलेलं असायचं. संध्याकाळी शटर ओढलं की माणसांच्या फोनची पिन काढून माझी पिन लावायची. मग सांगलीची माझी जोडीदारीण फोन करायची, आम्ही दोघी किंचाळायचो आणि दिवसभराची आवक-जावक मी तिला सांगून टाकायचे.

हे सांगणं जपूनच व्हायला हवं होतं. शेतकऱ्यांनी माल विश्वासानं ठेवलेला. दिवाळीच्या तोंडावर कुणाचा किती माल पडून आहे हे एखाद्या दलालाला आधी कळलं, तर तो भाव पाडणार. म्हणून अनीशनं मला शिकवलं होतं, की फोनवर जो येईल त्याला आधी नाव विचारायचं, मग खुणेचा शब्द. तो जुळला तरच आत घ्यायचं.

"ह्याला पासवर्ड म्हणतात मामा. कुणाला सांगायचा नसतो."

"मग मला कशाला सांगितलास?" भाऊसो म्हणाले.

अशी आमच्या सुरक्षेची सुरुवात झाली.

त्या उन्हाळ्यात स्वप्नाली कामाला आली. जत तालुक्यातल्या एका वस्तीवरची. घरची मेंढरं, थोडी कोरडवाहू ज्वारी. सांगलीला होस्टेलवर राहून ती बी.एस्सी. झाली होती, वर संगणकाचा कोर्स केला होता, आणि तासगावात एका खोलीवर राहत होती. ऑफिसात ती इतकं नीटनेटकं बोलायची की शालूबाई तिला बातम्या द्यायला बसवा म्हणायच्या. दचकण्यात ती माझी बहीण शोभली असती. मागून कुणी हाक मारली की तिच्या हातातलं पेन खाली पडायचं. माझ्यावरची धूळ ती ओढणीच्या टोकानं पुसायची. एकदा तिचं कोपर मला लागलं, तर सॉरी म्हणाली. मला. तिची नोकरी म्हणजे घरातली पहिली नोकरी होती, आणि ती जपायचं तिला किती दडपण आहे हे तिच्या बोटांवरून मला कळायचं. एक अक्षर दाबताना ती दोनदा पाहायची.

मग नवरात्र आलं. दरवर्षीप्रमाणे ऑफिसात घट बसला, माझ्या शेजारच्याच टेबलावर. शालूबाईंनी मलाही हळदकुंकू लावलं आणि त्यांचं लक्ष माझ्या लाल दिव्यांकडं गेलं.

"आवं भाऊसो, हिचा दिवाबी लागतोय की घटापुढं. आता न्हाय हां इझवायचा."

"मग फोन कशावर करायचा?"

"ते तुमचं तुमी बघा. देवीपुढचा दिवा हाय."

भाऊसोंनी बघितलं. नशिबानं त्याच आठवड्यात, कित्येक वर्षांपूर्वी अर्ज केलेलं दुसरं टेलिफोन कनेक्शन मंजूर होऊन आलं. "देवीनंच सोय केली," भाऊसो म्हणाले. "जुना नंबर डबीला, नवा माणसांना." पाटीवर नवा नंबर रंगवला गेला. तो कुणाकुणाला कळवायचा याची बरीच चर्चा झाली. व्यापारी, ट्रान्सपोर्टवाले, बँक, बारदानवाला. ज्यांच्याशी काम पडतं अशी सगळी माणसं आठवून आठवून मोजली गेली. त्यात कुणी सुटलं असेल असं कुणाच्या मनात आलं नाही.

दसरा झाला, घट उठला. माझी पिन मात्र कुणी काढली नाही. लागलेला दिवा काढायचा कुणी? म्हणून मी दिवसरात्र त्या जुन्या नंबरावर जागी राहिले. आधी मला फक्त संध्याकाळची भीती होती, आता चोवीस तासांची झाली.

तो पहिला गुरुवार तर घट उठायच्या आधीच आला होता. पुढच्या गुरुवारी पुन्हा तेच. रिंग, माझं किंचाळणं, लांबचा गलका, मग तुटलेली तार. आणि या वेळी लगेच दुसऱ्यांदा रिंग. मी पुन्हा किंचाळले, आधीपेक्षा जोरात. नाव सांगत नाही, खूण सांगत नाही आणि जातही नाही. सरळ माणूस असं करेल का?

अनीश सांगलीच्या गाळ्यावरून आला तेव्हा त्यानं प्रिंटरवर एक लांबलचक कागद काढला.

"मामा, हा लॉग बघा."

"लॉग म्हंजी?"

"गेटवर वॉचमन टिपून ठेवतो ना, कोण आलं, कधी आलं. तसं मशीन आपोआप टिपतं. डबीला कुणी फोन केला, आत आला का बाहेरूनच गेला, सगळं."

"मग काय म्हनतोय वॉचमन?"

"कुणीतरी दारावर थाप मारतंय आणि नाव न सांगता परत जातंय. दर गुरुवारी सकाळी."

"चोर असता तर रातचा आला असता की रं."

"हे तसले चोर नसतात. ह्यांना हॅकर म्हणतात. बसल्या जागी नंबर फिरवत राहायचे. जिथं मशीन किंचाळलं तिथं दार आहे असं समजायचं. मग एकेक पासवर्ड चालवून बघायचा."

"आपला पासवर्ड कुनाला म्हाईत न्हाई बाबा."

शालूबाई चहा ओतत होत्या. "सर्जा-राजा व्हय? तुमची बैलं की."

अनीशनं चहा न पिताच पासवर्ड बदलला. भाऊसो आपले विचारत होते, की बैलांची नावं वाईट का.

त्या दिवसापासून ऑफिसात बोलणं हळू झालं. माणसांना संशय आला की ती आधी आवाज बारीक करतात, मग दारं लावतात, मग एकमेकांच्या चपलांकडं बघून बोलतात. अनीश म्हणाला, आता नजर ठेवायची. मॉनिटरिंग. आधी नेहमीचं काय ते ओळखायचं, म्हणजे वेगळं काय ते आपोआप डोळ्यांत येतं. मला ते फार पटलं. मी जन्मापासून तेवढंच करत आले होते, फक्त मला त्याचं नाव माहीत नव्हतं.

पुढच्या गुरुवारी त्यानं माणसांचा जुना फोन माझ्या पाठीमागच्या दुसऱ्या भोकात जोडला, म्हणजे माझ्या तारेवरचं त्यालाही ऐकू येईल. स्वप्नाली मागच्या शेडमध्ये होती. रिंग आली, मी किंचाळले, त्यानं रिसीव्हर उचलला आणि कानाला लावून लगेच बाजूला केला.

"काय ऐकलंस?" भाऊसोंनी विचारलं.

"डबीच्या आवाजात नीट नाही कळलं. पण मशीन नाही पलीकडं. बाई आहे कुणीतरी."

"बाई?"

दोघांचीही नजर स्वप्नालीच्या रिकाम्या खुर्चीकडं गेली. माझी तर त्याआधीच गेली होती.

"ह्याला इनसायडर म्हणतात मामा," अनीश दबक्या आवाजात म्हणाला. "आतलं माणूस बाहेरच्याला सामील. आम्हाला शिकवलंय, बाहेर शोधण्याआधी आत बघा."

"आरं, गरीब पोर हाय ती."

"पासवर्ड तिला माहीत होता. डबी तिच्या हाताखाली. जॉइन झाली उन्हाळ्यात, आणि ह्याच वर्षी हे सुरू."

मग ठरलं, की नवा पासवर्ड तिला सांगायचा नाही. लॉगचा कागद तिच्या नजरेस पडू द्यायचा नाही. तिला पॅकिंगकडं पाठवायचं, खोक्यांवर लेबलं लावायला. आणि दिवाळीपर्यंत काही उलगडलं नाही, तर घरी बस म्हणून सांगायचं.

ती मुकाट्यानं शेडमध्ये गेली. का पाठवलं, हे तिनं विचारलं नाही. हे मला जास्तच संशयास्पद वाटलं. मी हिशेब मांडत बसले. ती माझ्याकडं बघायची का? बघायची. बघताना घाबरलेली असायची का? असायची. एकदा दुपारी पाणी प्यायला ती ऑफिसात आली तेव्हा तिथं शालूबाई एकट्याच होत्या. तिनं हळूच विचारलं, "मावशी, मला कुणाचा फोन आलेला का?"

"न्हाई गं. कुनाचा यायचा हाय?"

"कुणाचा नाही. असंच."

झालं. माझी खात्री पटली. ती साथीदाराच्या निरोपाची वाट बघत होती. मला बोलता आलं असतं, तर मी तेव्हाच अनीशला हाक मारली असती. लॉगमध्ये मात्र असल्या गोष्टी टिपल्या जात नाहीत.

भाऊसोंना हे निभावलं नाही. संशय मनात ठेवून गोड बोलणं ज्यांना जमतं त्यांतले ते नव्हते. तिला चहा द्यायला सांगायचे आणि ती समोर आली की टोपी नीट करत बाहेर जायचे. शेवटी एका दुपारी त्यांनी तिला बोलावलं, लॉगचा कागद टेबलावर उलगडला आणि खाली बसले.

"हे बघ पोरी. मला पोटात एक आन् ओठावर एक असं जमत न्हाई. जुन्या नंबरावर कोनतरी बाई फोन करती आन् बोलत न्हाई. अनीशचं म्हननं हाय, तुला काय तरी ठाव असंल. असंल तर सांग, नसंल तर नसंल."

अनीश घाईनं म्हणाला, "मामा, लॉग तिला दाखवायचा नव्हता ना."

स्वप्नालीनं कागद हातात घेतला. बोट एकेका ओळीवरून खाली गेलं. मी जीव मुठीत धरून बघत होते. आता खोटं बोलेल, मला वाटलं. आता म्हणेल काय माहीत.

"सगळे गुरुवार आहेत," ती म्हणाली. "सकाळचेच."

"तेच तर," अनीश म्हणाला.

"गुरुवारी आमच्या तिकडचा बाजार असतो. आई बाजाराला येते." तिचा आवाज बारीक झाला. "तिथं एक एसटीडी बूथ आहे. उन्हाळ्यात मी तिला ह्या ऑफिसचा नंबर लिहून दिला होता. हा जुना. अडलं तरच कर म्हटलं होतं. नवा दिवाळीला गेल्यावर सांगणार होते."

तीन गुरुवार ज्या गलक्यानं मला झोप येऊ दिली नव्हती, तो बाजार होता.

"मग इतके दिवस हे मला का नाही दाखवलं?"

अनीश कीबोर्डवरची धूळ फुंकायला लागला. शालूबाई दारात होत्या, त्यांनी उत्तर दिलं. "दावायचं कसं बाई? डोळा तुझ्यावरच हुता की ह्यांचा."

स्वप्नालीला ते ऐकूच गेलं नसावं. "पाऊस झाला नाही तिकडं," ती स्वतःशीच बोलत होती. "दिवाळीआधीच मेंढरं घेऊन हलणार असतील. कुणीकडं जाणार तेच सांगायला फोन करत असेल. एकदा हलली की रोज नव्या रानात तळ. मी दिवाळीला जाणार आणि दाराला कुलूप. पावसाळ्यापर्यंत कुठं शोधू त्यांना?" मग ती थांबली. "आणि तिला वाटत असेल, पोरगी उचलतच नाही."

"बूथचा नंबर सांग," अनीश म्हणाला. "आपण उलट फोन लावू. कॉलबॅक."

"मला नाही माहीत."

"लॉगमध्ये नसतो का रं तो?" भाऊसोंनी विचारलं.

"नाही मामा. कोण आलं ते लॉगला कळत नाही. आलं एवढंच कळतं."

हे वाक्य त्याला पुण्यात कुणी शिकवलं नसावं. मग त्यानं टेलिफोन खात्याच्या चौकशीचा नंबर फिरवला, पुन्हा फिरवला, तो कायम एंगेज. भाऊसोंनी जतच्या गाडीच्या कंडक्टरपाशी निरोप दिला, पण वस्ती रस्त्यापासून लांब. म्हणजे उरला एकच गुरुवार, येणारा. तिची आई गेल्या बाजारानंतरच हलली असेल, तर तोही नाही.

बुधवारी संध्याकाळी अनीशनं संगणकावरून मला हुकूम दिला, की रिंग आली तरी उचलायची नाही. माझा एक दिवा विझला. शालूबाईंनी तो बरोबर टिपला.

"एक दिवा गेला की भाऊसो."

"जाऊ दे. घट कवाच उठला."

तुम्हा वाचणाऱ्यांना माझं एवढंच सांगणं आहे. आता तुमच्या घरोघरी माझ्याहून हुशार डब्या आल्या असतील. त्यांना कुलपं लावा, खुणेचे शब्द घाला, ते बैलांचे ठेवू नका, येणाऱ्या-जाणाऱ्यांची नोंद ठेवा. कारण चोर असतात, मी काही भोळी नाही. पण नोंदीत एखादी ओळ खटकली, तर ती ज्याच्या गावाकडची असू शकेल त्यालाच आधी दाखवा, त्याच्यापासून लपवू नका. आणि दारावर थाप पडली की लगेच किंचाळू नका. मी किंचाळत होते, म्हणून मला ऐकू येत नव्हतं.

गुरुवार उजाडला. कुणीच कामाला लागेना. स्वप्नाली जुन्या फोनपाशी स्टुलावर बसली होती, हात मांडीवर, पेनसुद्धा न घेता. अनीश संगणक चालू करून त्याच्याकडं पाठ करून उभा होता. शालूबाईंनी सगळं झाडून झालेलं ऑफिस परत झाडायला घेतलं. मध्येच रिंग वाजली आणि आम्ही दोघी दचकलो, मी आणि ती. पण ती नव्या फोनची होती. कुणी व्यापारी. भाऊसोंनी दोन शब्दांत त्याला वाटेला लावलं.

ऊन टेबलावरून सरकत माझ्या पाठीवर आलं. बाजार मोडायची वेळ होत आली असेल. गेली असेल, मला वाटलं. मेंढरांमागून चालत कुठल्या कुठं गेली असेल, आणि जाताना तिच्या कानात माझा आवाज असेल.

"चहा करू का?" शालूबाईंनी विचारलं.

आणि रिंग वाजली. माझ्या तारेवर.

सगळ्या अंगातून किंचाळी वर आली. मी ती आतच धरून ठेवली. आजवर मी कुठलीच रिंग पुरती वाजू दिली नव्हती, ही पहिली.

स्वप्नालीनं रिसीव्हर उचलला.

मी गप्प होते, म्हणून सगळं ऐकलं. एसटीचा हॉर्न. कुणीतरी मिरच्यांचा भाव ओरडत होतं. अगदी जवळून मेंढराच्या गळ्यातली घंटा, म्हणजे निघायच्या तयारीनंच आली होती. आणि त्या सगळ्यातून एक बाई, घसा ताणून, थोडीशी रागानं, जास्त करून दमून.

"सपे? का आजबी ती वरडनारीच हाय?"

बातम्या द्याव्यात असं बोलणाऱ्या त्या मुलीनं रिसीव्हर दोन्ही हातांनी धरला.

"आये, मी हाय," ती म्हणाली. "तू बोल."